निर्यातीची द्राक्षं आणि बागेतले हात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यात तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, जत, पलूस आणि खानापूर इथल्या बागांतून द्राक्षं युरोपात जातात. त्या बागांत मजुरीला जाणाऱ्या बायका, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलं, काही बागायतदार आणि पुण्या-मुंबईचे वाचक गेली काही वर्षं मला साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं. माझी आई बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बागेत विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायच्या कामाला, जात होती. त्यामुळे इथली काही उत्तरं कागदपत्रांतून आली आहेत आणि काही आमच्या घरातून.

निर्यातीची बाग म्हणजे काय? मजुराला त्यात वेगळं काय असतं?

कागदोपत्री सांगायचं तर बागायतदार आपला प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवतो. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने २००६ साली सुरू केलेल्या 'ग्रेपनेट' व्यवस्थेत त्या प्लॉटला क्रमांक मिळतो. काढणीआधी द्राक्षाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि औषधांचा अंश ठरलेल्या मर्यादेत असेल तरच माल पुढे सरकतो. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या सगळ्या तपासणीवर देखरेख ठेवतं. पेटी कुठल्या देशात उघडली तरी ती कुठल्या शिवारातल्या कुठल्या प्लॉटची, हे क्रमांकावरून सांगता येतं.

मजुराच्या बाजूने फरक एवढाच, की एकाच घडाला माणसाचा हात जास्त वेळा लागतो. बेदाण्याच्या मालाला मण्याचा आकार आणि घडाची ठेवण इतकी काटेकोर लागत नाही. निर्यातीला मणी साधारण १६ ते १८ मिलिमीटरच्या वर हवा, घड ना गच्च ना विरळ, आणि मण्यावर एक डागही नको. म्हणून फेलफुटी म्हणजे नको असलेल्या फुटी काढणं, शेंडा मारणं, काडी बांधणं, घड संजीवकात म्हणजे वाढीच्या औषधात बुडवणं म्हणजेच डिपिंग, विरळणी, शेवटी कागद लावणं अशी कामं एकामागून एक येतात. वर्षातून छाटण्या दोन. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी. फळछाटणीपासून माल उतरेपर्यंत गावात रिकामा हात सापडत नाही.

मग रोजगार वाढला की. तक्रार कशाची?

रोजगार वाढला, हे पहिल्यांदा कबूल करायला हवं. कवठेमहांकाळ-जतकडची माणसं एकेकाळी दुष्काळात खडी फोडायला जायची. त्याच भागात आज बाईला वर्षातले बरेच महिने गावातच काम मिळतं. आमच्या घराची कौलं निघून स्लॅब पडला तो विरळणीच्या पैशातून. आईने बचत गटात हप्ता भरला, मला बारावीच्या पुढे शिकवलं, तेही त्याच पैशातून. हे मी विसरणार नाही.

तक्रार आहे ती वाटणीची. बागेत छाटणी, डिपिंग, फवारणी ही 'गड्यांची कामं' आणि विरळणी, फेल काढणं ही 'बायकांची कामं' अशी विभागणी आहे, आणि बायकांच्या कामाचा रोज कमी. विरळणी हे बागेतलं सर्वांत कसबाचं काम. कुठला मणी ठेवायचा आणि कुठला काढायचा हे ती बाई क्षणात ठरवते. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं तर तो मणी डागी होतो आणि घड निर्यातीतून बाद होतो. ज्या हातावर घडाचा भाव ठरतो त्याच हाताला कमी रोज, हे मला कधी पटलं नाही आणि पटणारही नाही. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालचा आहे, आता ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आली आहे. बागेत त्यातून सुटण्याची वाट सोपी आहे. कामाला नाव वेगळं दिलं की झालं.

दुसरी तक्रार पैसे मिळण्याच्या वेळेची. काम उक्तं, म्हणजे ठोक रकमेवर, घेतलं असेल तर एकरी रक्कम मुकादमाच्या हातात पडते, आणि तिथून टोळीत किती वाटली जाते हे मागच्या बाईला कळत नाही. व्यापारी माल उचलून पैसे बुडवून पळाला, असं आमच्या भागात दर दोन-तीन हंगामांनी कुठेतरी होतंच. तेव्हा बागायतदार बुडतो आणि त्याच्यामागे मजुरीही लटकते. एका वर्षी आईची एकवीस दिवसांची हजेरी अशीच राहिली. बागायतदार स्वतः कर्जात होता, त्याच्या दारात जाऊन भांडायचं तरी कसं? शेवटी पैसे आले ते पुढच्या दिवाळीला, आणि तेही निम्मेच.

विरळणी म्हणजे उभं राहून कात्री चालवायची. एवढा त्रास कसला?

एकदा मांडवाखाली उभं राहून बघा. घड डोक्याच्या वर लोंबत असतात. मान मागे टाकायची, दोन्ही हात वर धरायचे, डाव्या हातात घड आणि उजव्या हातात कात्री. दिवसाला शेकडो घड हाताखालून जातात. वरून मण्यांचा, सुकलेल्या फुलांचा, औषधाच्या पावडरीचा कचरा डोळ्यांत पडतो. डोळे पुसायला हात खाली घेतला तर तेवढाच आराम.

आई संध्याकाळी घरी आली की भाकरी थापायला बसायची आणि परातीवरचा हात मध्येच थांबायचा. खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्या आलेल्या असायच्या. अंगठ्याच्या मुळाशी कात्रीच्या कडीने एक घट्टा पडला होता. काम सोडून सात वर्षं झाली, घट्टा अजून आहे. वेणी घालायला हात मागे जात नाही म्हणून आता माझी मुलगी तिची वेणी घालते.

आणखी एक गोष्ट बायका एकमेकींत बोलतात, पुरुषांसमोर बोलत नाहीत. बहुतेक बागांत बायकांना लघवीला आडोसा नसतो. म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. जळजळ, ताप, वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. पाळीच्या दिवसांत तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. ज्या बागायतदारांनी चार पत्रे उभे करून आडोसा आणि पाण्याची टाकी केली, त्यांच्याकडे बायका आधी जातात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

'पेस्ट' लावण्याबद्दल इतकं का बोललं जातं?

फळछाटणी झाली की एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांवर, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या जागांवर, हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागेत त्याला कुणी हे नाव घेत नाही. डोर्मेक्स किंवा नुसतं 'पेस्ट' म्हणतात. त्याने डोळे एकसारखे आणि एकाच वेळी फुटतात. कुठला डोळा झाला, कुठला राहिला हे कळावं म्हणून त्यात लाल रंग मिसळतात. मजूर एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात फडकं किंवा स्पंज घेऊन काडीन् काडी पुसत जातो. दुपारपर्यंत मनगटं लाल, डबा धरलेल्या बाजूची पँट लाल, घाम पुसला असेल तर कपाळही लाल. औषध अंगाला कुठे कुठे लागलं याचा नकाशाच तो रंग काढून दाखवतो.

हे रसायन कातडी भाजतं, डोळ्यांत गेलं तर इजा करतं, आणि कातडीतून शरीरात शिरतं. त्याचा दारूशी होणारा परिणाम तर फार वाईट. पेस्ट लावल्यावर माणूस दारू प्यायला तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, डोकं ठणकतं, रक्तदाब खाली येतो, श्वास लागतो. शरीरात दारू पचण्याची वाट हे औषध अडवतं, म्हणून असं होतं. दिवसभर राबलेला गडी संध्याकाळी 'अंगदुखी जावी' म्हणून थोडी घेतो, आणि रात्री घरचे त्याला गाडीवर घालून दवाखान्यात पळतात. तिथे डॉक्टरला फक्त 'जास्त झाली' असं सांगितलं जातं, पेस्टचं नाव निघत नाही. त्यामुळे दुखणं औषधाचं होतं हे कुठे नोंदलंच जात नाही.

आता या पानावरची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. युरोपीय संघाने २००८ साली सायनामाइडला पीक संरक्षणासाठी मंजुरी नाकारली. त्यामागचं मुख्य कारण औषध हाताळणाऱ्या माणसाला होणारा धोका हे होतं. म्हणजे तिथल्या शेतावरच्या मजुराला ते हाताळू द्यायचं नाही असं ठरलं. आपल्याकडे मात्र तिकडे जाणाऱ्या द्राक्षाच्या डोळ्यांवर तेच लावलं जातं. ते लागतं उघड्या काडीला, फळ धरण्याच्या कितीतरी आधी. मण्यात त्याचा मागमूस राहत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावर ते प्रश्न म्हणून येतच नाही.

पण युरोपात एवढी कडक तपासणी होते. मग मजूरही सुरक्षित झाला नाही का?

काही अंशी झाला. बंदी असलेली अतिविषारी औषधं निर्यातीच्या बागेतून लवकर गेली. काढणीच्या आधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची हे पाळलं जाऊ लागलं, फवारणीच्या नोंदी राहू लागल्या. त्याचा फायदा मजुरालाही होतो.

पण ही तपासणी खाणाऱ्यासाठी आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागेतलं लिहोसिन हे वेलीची वाढ रोखणारं औषध, याचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. माल अडकला, भाव कोसळले, बागायतदारांचे हात पोळले. त्यानंतर सगळी यंत्रणा हलली. शिबिरं झाली, याद्या निघाल्या, नमुने वाढले. मण्यातल्या एका अंशासाठी दोन खंडांतली खाती जागी होऊ शकतात, हे त्या वर्षी दिसलं. मजुराच्या रक्तातल्या अंशासाठी एकही नमुना घेतला जात नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे, प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे. आमच्या शिवारात अशी तपासणी झालेला एकही मजूर मला भेटलेला नाही.

ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र असेल तर?

युरोपातल्या दुकानांच्या साखळ्यांनी १९९७ साली 'युरेपगॅप' नावाने ही प्रमाणपत्र पद्धत सुरू केली, २००७ पासून तिला ग्लोबलगॅप म्हणतात. तिच्यात हात धुण्याची सोय, प्रथमोपचार पेटी, हातमोजे, फवारणीचे कपडे, औषधाची कुलूपबंद खोली यांची विचारणा होते. मजुरांच्या कामाच्या अटी तपासणारा 'ग्रास्प' नावाचा जोडभागही आहे.

कागद चांगला आहे. अडचण अशी की तपासनीस ठरल्या दिवशी येतो आणि बागायतदाराशी बोलतो. रोजंदारीवर आलेली बाई त्या दिवशी त्या बागेत असेलच असं नाही, असली तरी मुकादमासमोर काय बोलणार? हातमोज्यांचं कोरं पाकीट भिंतीवर टांगलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं. एका बागेत मी विचारलं, मोजे का घालत नाही? मावशी म्हणाल्या, "बाई, मोजं घालून मणी कळत नाय, अन् मुकादम म्हनतो हात उचला." जाड रबरी मोज्यांत विरळणी होत नाही हे खरंच आहे. पण पेस्ट लावायला तेच मोजे चालतात, आणि तिथे ते हवेतच.

फवारणीनंतर त्रास झाला तर नेमकं काय करायचं?

मळमळ, डोकं गरगरणं, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणं, डोळ्यांपुढे धूसर दिसणं, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, हातपाय लटपटणं. यातलं काहीही फवारणीच्या दिवशी दिसलं तर 'पित्त झालं असेल' म्हणून झोपवू नका. माणसाला बागेबाहेर मोकळ्या हवेत आणा. अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर निदान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल बरोबर न्या. लेबलावरचा त्रिकोण लाल असेल तर औषध अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता धोका. कुठलं विष हे कळलं तर डॉक्टरला उपचार लवकर ठरवता येतात. मिरजेचं सरकारी रुग्णालय आपल्या भागाला जवळ आहे, गाडीभाड्याचा विचार करत बसू नका.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा राज्य हादरलं. द्राक्षाच्या मांडवात ट्रॅक्टरचा ब्लोअर चालतो, पंप पाठीवर कमी वेळा येतो. तरी शेजारच्या ओळीत बायका विरळणी करत असताना ब्लोअर फिरवला जातो, तो थांबलाच पाहिजे. बायकांना तासभर बाहेर बसवलं तर रोज बुडत नाही, एवढं मुकादमाने आधीच सांगून टाकावं.

बिहारी मजुरांमुळे गावातल्यांचं काम गेलं का?

छाटणी, पेस्ट, डिपिंग या कामांत बिहारच्या टोळ्या आता पक्क्या झाल्या आहेत. ती मुलं बागेतच पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, पहाटे कामाला लागतात आणि उक्तं काम लवकर उरकतात. गावातल्या गड्यांना राग येतो, तो मी समजू शकते. पण राग चुकीच्या माणसावर निघतो. त्या मुलाला आजारपणात सांभाळायला इथे कुणी नाही. त्याचं खातं, कार्ड, घर सगळं दीड-दोन हजार किलोमीटरवर. औषधाची खोली आणि झोपायची खोली एकच असलेल्या शेड मी पाहिल्या आहेत. रात्रभर त्या वासात झोपणं म्हणजे काय, याचा विचार करा.

त्यांना एक गोष्ट सांगा. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत आपल्या बिहारच्या कार्डावर त्यांना सांगली जिल्ह्यातल्या रेशन दुकानातही धान्य मिळतं. अनेकांना हे माहीतच नसतं.

पाऊस पडला, जहाज अडकलं की नुकसान कुणाचं?

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने फुलोऱ्यातल्या बागा कुजल्या. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत तयार माल वेलीवर राहिला, कितीतरी जणांनी तो बेदाण्याला टाकला. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा न्हावाशेवाहून निघालेले कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. नाशवंत माल, पोचेपर्यंत भाव उतरलेला.

अशा वेळी पंचनामा होतो तो बागेचा. विमा असला तर तो बागायतदाराला, आणि त्यालाही पुरता मिळत नाही हे खरं. पण ज्या बाईची साठ दिवसांची विरळणी त्या पावसात गेली, तिचा पंचनामा कुणी करत नाही. तिच्या घरी बचत गटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र ठरल्या वारी येतो.

अशा वेळेसाठीच रोजगार हमी आहे. ती आपल्याच मातीतली आहे. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापुरात तिचा पहिला प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. बाग गेली तर ग्रामपंचायतीत कामाची लेखी मागणी करा आणि दिनांकासह पोच घ्या. तोंडी मागणीचा पुरावा हातात राहत नाही.

बागा वाढल्याने गावाच्या पाण्याचं काय झालं?

ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी आलं आणि दुष्काळी तालुक्यांत बागा फुलल्या. पाणी येतं ते शेत असलेल्याला. भूमिहीनाच्या वाट्याला येतं ते बागेतलं काम. उन्हाळ्यात बाग जगवायला टँकर धावतात, आणि त्याच गावात दलित वस्तीतल्या बायका पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट बघत हंडे लावतात. हे चित्र कमी झालं असलं तरी संपलेलं नाही.

दुसरा मार्ग असू शकतो हे याच जिल्ह्याने दाखवलं. येरळा नदीवर खानापूर तालुक्यात लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभं करायला घेतलं, आणि पाणीवाटपात भूमिहीन कुटुंबांनाही हिस्सा धरला. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून समन्यायी वाटपाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. त्या मागणीत मजूर होता.

एक लहान गोष्ट, पण माझ्या मनातून जात नाही. पूर्वी ज्वारीच्या रानात भांगलायला गेलेली बाई संध्याकाळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन यायची, तो शेळ्यांना व्हायचा. बागेत तणनाशक मारलेलं असतं, तिथलं गवत आणता येत नाही. आमच्या वस्तीवर घरटी दोन-तीन शेळ्या असायच्या. आता चार घरांत मिळून एक असेल.

हे फक्त द्राक्षातच होतं का?

नाही. आटपाडीचं डाळिंब, सांगलीची हळद, साखरेचा ऊस, सगळीकडे याचीच रूपं आहेत. ऊसतोड मजुरांचा प्रश्न मात्र इतका मोठा आहे की त्याला वेगळं पान लागेल.

म्हणजे तुमचा निर्यातीला विरोध आहे?

नाही. निर्यात थांबली तर सर्वांत आधी माझ्या आईसारख्या बायकांचं काम जाईल. गेल्या काही वर्षांत बागांवर कुऱ्हाड पडताना पाहिली, तेव्हा रडणाऱ्यांत मजूर बायकाही होत्या.

माझं म्हणणं एवढंच की प्लॉटच्या क्रमांकाला जशी फवारणीची नोंद जोडलेली आहे, तशी हजेरीचीही जोडा. कुणी किती दिवस काम केलं, काय रोज मिळाला, पेस्ट कुणी लावली, त्याला मोजे होते का. बागायतदारावर एकट्यावर हा भार टाकणं अन्यायाचं आहे, कारण भाव तो ठरवत नाही. घेणारा दर हंगामात भाव पाडून मागतो आणि वर प्रमाणपत्रही मागतो. मोज्यांचा, आडोशाचा, वाढीव रोजाचा खर्च त्याने किलोमागे धरायला हवा. जर्मनीत २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीतल्या मजुरांच्या हक्कांबद्दल जबाबदार धरणारा कायदा आहे. आपल्या बागायतदार संघांनी आणि निर्यातदारांनी भाव ठरवताना तो टेबलावर ठेवावा.

आमच्या घरचा माणूस पेस्टला जातो. आज संध्याकाळी आम्ही काय करावं?

त्याने घरात पाऊल टाकायच्या आधी अंगणातच कपडे काढावेत. ते बाकीच्यांच्या कपड्यांत न टाकता वेगळे धुवा, धुताना हातात मोजे घाला. लेकरू 'बाबा' म्हणत पायाला मिठी मारायला येईल, आधी त्याला धरा. साबणाने अंघोळ झाल्याशिवाय जेवण नाही, तंबाखू नाही, विडी नाही. पेस्ट लावायच्या आदल्या दिवसापासून ते संपल्यावर पुढचे काही दिवस दारूचा थेंब नाही, हे टोळीतल्या सगळ्यांनाच सांगा. अंगावर लाल रंग कुठे राहिला आहे ते उजेडात नीट बघा, कानामागे आणि नखांत हमखास राहतो.